‘ऑडिट झालंय’ म्हणाले, मग? शाळेची इमारत भूकंपात टिकावी म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांनी काय विचारायचं

पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत माझं नाव चिठ्ठीनं निघालं. मी काही हौसेनं गेले नव्हते. पहिल्याच सभेत विषय आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गाचा. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या छताचं परातीएवढं प्लास्टर खाली आलं होतं, नेमकं पुढच्या दोन बाकांवर. संस्थेचे कार्यवाह म्हणाले, "काळजी करू नका ताई, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय." आम्ही माना डोलावल्या, चहा घेतला, घरी आलो. ते वाक्य अर्धंच होतं हे कळायला मला आठ महिने लागले. तुमचे आठ महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

मी इंजिनिअर नाही, विमा कंपनीत नोकरी करते. पण आमच्या शाळेची जुनी इमारत पाडून नवी उभी राहते आहे, त्या सगळ्या खटपटीत मी पहिल्यापासून आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ज्यांची मुलं तीस-चाळीस वर्षं जुन्या इमारतीत बसतात, त्यांना यातलं बरंच उपयोगी पडेल.

ठाण्यात कुठला आलाय भूकंप?

हे तुम्हाला पहिल्या दिवशी ऐकावं लागेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. इमारत भूकंपात टिकावी म्हणून जे भारतीय मानक आहे, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत (आय.एस. १८९३) ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई हा सगळा पट्टा भूकंप विभाग ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याचा. कोयना परिसर विभाग ४ मध्ये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आपल्याकडे जाणवला होता, २६ जानेवारी २००१ चा भूजचाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि ते गाव म्हणजे काही परमुलूख नव्हे, लोकलनं जाता येतं.

दुसरं उत्तर अहमदाबादचं. भूजच्या भूकंपाचं केंद्र तिथून दोनशे किलोमीटरहून लांब होतं, तरी खाली पार्किंगसाठी मोकळे खांब सोडलेल्या कित्येक इमारती तिथे बसल्या. इमारत कशी बांधली आहे यावर किती अवलंबून असतं, ते तिथे दिसलं. इतकं सांगा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा. भूकंप येणार की नाही यावर वाद घालत बसलात तर सभा तिथेच संपते.

आधी समोर कोण आहे ते ओळखा

शाळा कुणाची आहे यावर तुमचं पत्र कुणाच्या टेबलावर जायचं ते ठरतं.

महापालिकेची शाळा असेल (ठाणे किंवा नवी मुंबई) तर वर्ग आणि शिक्षक शिक्षण विभागाकडे, पण भिंती-छप्पर शहर अभियंत्याच्या खात्याकडे. दोघांनाही प्रत द्या, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ग्रामीण भागात जिल्हा परिषद. खासगी अनुदानित शाळेत सरकार शिक्षकांचे पगार देतं, इमारत मात्र संस्थेची जबाबदारी. विनाअनुदानित शाळेत सगळंच संस्थेचं. नवी मुंबईत आणखी एक पाहुणा असतो: सिडको. तिथले बरेच शाळांचे भूखंड सिडकोनं भाडेपट्ट्यानं दिलेले आहेत, त्यामुळे पाडून बांधायचं तर पट्ट्यातल्या अटी आणि सिडकोचं ना-हरकत पत्र दोन्ही बघावं लागतं.

पालकांची बाजू मांडायलाही दोन वेगवेगळ्या समित्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत कलम २२ प्रमाणे हीच समिती शाळा विकास आराखडा करते; अनुदानित शाळांत ती फक्त सल्ला देऊ शकते. इमारतीचा विषय त्या आराखड्यात आला की तो तुमचा हट्ट राहत नाही, शाळेची नोंदलेली मागणी होते. पालक-शिक्षक संघ ही वेगळी गोष्ट. शुल्क नियमन कायद्यामुळे तो खासगी शाळांत असतो, त्याला आराखडा करता येत नाही, पण ठराव आणि पत्रं करता येतात. ज्या समितीत तुम्ही आहात तिच्या नावानं लिहा. "आम्ही सर्व पालक" अशा सहीचं पत्र कुठल्याच फायलीत नीट बसत नाही.

शाळेत एक फेरी मारा, टेप घेऊन

मुख्याध्यापकांना सांगून शनिवारी दुपारी जा. हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर काही नेऊ नका, खांब ठोकून बघायचे नाहीत. मी शिवणाची टेप आणि मुलीची वही घेऊन गेले होते. आमच्यातल्या एका मुलाचे बाबा बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत, ते बरोबर आले. त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं आणि म्हणाले, "वहिनी, हे कॉलम बघा."

मला काही दिसेना. व्हरांड्याच्या बाहेरच्या बाजूला कॉलम, दोन कॉलममध्ये कमरेएवढी विटांची भिंत, तिच्या वर मोकळं. प्रत्येक शाळेत असतं तसं. वर्गांच्या खिडक्यांच्या बाजूलाही तेच. खाली भिंत, वर खिडक्यांची सलग रांग, मध्ये मध्ये कॉलम.

त्यांनी समजावलं ते असं. पूर्ण उंचीचा मोकळा कॉलम जमीन हलली की थोडा वाकतो, वेताच्या छडीसारखा. पण खालच्या निम्म्या उंचीपर्यंत दोन्ही बाजूंनी भिंत घट्ट चिकटलेली असेल तर तो भाग हलूच शकत नाही. वाकायला उरतो फक्त वरचा तुकडा. लांबी निम्मी झाली की तो तुकडा आठपट ताठ होतो, आणि भूकंपात जो ताठ त्याच्याच अंगावर जास्त जोर येतो. मग तो तुकडा फुलीसारखा तिरपा फाटतो. इंजिनिअर याला शॉर्ट कॉलम म्हणतात. वर्गांना भरपूर उजेड-वारा हवा म्हणून शाळांची रचनाच अशी असते, त्यामुळे हा दोष घरांपेक्षा शाळांत जास्त सापडतो. मी टेप लावली. मजल्याची उंची ३.१ मीटर, भिंत १.१, वर बीम. मोकळा तुकडा दीड मीटरच्या आसपास. व्हरांड्यात असे चौदा कॉलम होते, प्रत्येक मजल्यावर.

या चौदांबद्दल आधीच्या ऑडिटमध्ये एक ओळ नव्हती.

बाकी काय बघायचं ते भराभर सांगते. तळमजला मोकळा आहे का? बस उभ्या करायला किंवा प्रार्थनेला भिंती काढून हॉल केला आहे का? वरचा मजला नंतर चढवलेला आहे का? जुन्या शिपाईकाकांना विचारा, त्यांना तारखेसकट आठवतं. गच्चीवर पाण्याच्या किती टाक्या? हजार लिटर म्हणजे एक टन, आणि तो टन सगळ्यात उंच जागी. इमारत एल आकाराची असेल तर दोन भागांच्या मधल्या फटीत प्लास्टर भरून टाकलंय का? तसं असेल तर धक्क्यात दोन्ही भाग एकमेकांवर आपटतात. गच्चीचा कठडा आणि जिन्यावरची जाळीदार भिंत हातानं हलते का? कॉलमच्या कोपऱ्यातून उभी, गंजाच्या रंगाची चीर गेलीय का? खाडीच्या दमट, खारट हवेत सळया गंजतात, फुगतात आणि वरचं काँक्रीट ढकलून देतात. आमच्या वर्गातलं प्लास्टर त्यानंच पडलं होतं.

फोटो काढा, पण ते वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आमच्यात एका उत्साही बाबांनी जिन्यातल्या चिरेचा फोटो सकाळी टाकला, संध्याकाळपर्यंत ती शाळा पडणार असं झालं होतं. नुसत्या प्लास्टरची चीर होती ती. दोन पालकांनी दाखले मागितले, आणि संस्थेनं त्यानंतर महिनाभर आमच्याशी बोलणं बंद केलं.

कागद मिळवा

चार कागद लागतात: मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), असतील तर स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज, आणि ऑडिटचा पूर्ण अहवाल. पूर्ण म्हणजे चाचण्यांच्या तक्त्यांसकट. शेवटचं प्रमाणपत्राचं एक पान पुढे करतील, त्यावर समाधान मानू नका.

आधी साधं मागा. नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, अर्ज दीडशे शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. उत्तराची मुदत तीस दिवस. नकाशे आणि ओसीसाठी अर्ज पालिकेच्या नगररचना विभागाकडे करा. अर्जात "का" विचारू नका, "प्रत द्यावी" एवढंच लिहा. कारणं विचारली की "हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं.

जुन्या इमारतीची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज मिळत नाहीत, आम्हालाही मिळाली नाहीत. म्हणून अडून बसायचं कारण नाही. कॉलमच्या आत किती सळया आहेत ते स्कॅनरनं आणि दोन-चार ठिकाणी प्लास्टर खरवडून शोधता येतं. ते काम इंजिनिअरचं.

आता तो खरा प्रश्न

तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे बंधनकारक आहे. पावसाळ्याच्या आधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते ती याच धर्तीची: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे लोक आत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. आमची शाळा सी-२ब होती.

या वर्गवारीत बघतात ते इमारत किती झिजली आहे ते. काँक्रीट किती पोकळ झालं, सळया किती गंजल्या, गळती कुठे आहे. हॅमरनं ठोकतात, काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात, गाभ्याचा तुकडा काढून दाबून बघतात. हे सगळं हवंच. पण यातून उत्तर मिळतं ते एका प्रश्नाचं, इमारत स्वतःचं ओझं नीट पेलते आहे का? ओझं खाली जातं. भूकंपाचा जोर आडवा येतो.

टीएमटीच्या भरल्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला तर तुमचं वजन काही वाढत नाही, तरी तुम्ही पुढच्याच्या अंगावर जाता. इमारतीचं तसंच. विभाग ३ मधल्या तीन-चार मजली शाळेला तिच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण सहा ते दहा टक्के जोर आडवा बसेल असं धरून हिशेब करावा लागतो. शाळांसाठी २०१६ च्या त्या मानकानं महत्त्व गुणांक १.५ ठेवला आहे, म्हणजे साध्या घराला धराल त्याच्या दीडपट. हा हिशेब नेहमीच्या ऑडिटमध्ये बहुतेक वेळा केलेलाच नसतो, कारण तो मागितलेला नसतो. एखादी इमारत डागडुजी करून चकचकीत सी-३ होईल आणि तरी तिचे चौदा शॉर्ट कॉलम तसेच उभे असतील.

म्हणून आमचं पत्र शेवटी असं झालं. तिसरा मसुदा आहे हा. पहिल्यात मी "मुलांच्या जिवाशी खेळ" असं काहीतरी लिहिलं होतं, ते सुपरवायझर बाबांनी खोडलं.

"विषय: शाळेच्या इमारतीची भूकंपरोधक क्षमता तपासण्याबाबत.
मा. कार्यवाह, आपण दिलेला स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल वाचला. त्यात पुढील बाबींचा उल्लेख आढळला नाही. तरी संबंधित अभियंत्यांचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.
१. आय.एस. १८९३ नुसार इमारतीवरील आडव्या भाराचे विश्लेषण केले आहे काय?
२. केले असल्यास महत्त्व गुणांक १.५ धरला आहे काय?
३. कोणत्या मजल्यावरील कोणते कॉलम त्यात कमी पडतात? व्हरांड्यातील कॉलमचा स्वतंत्र विचार केला आहे काय?
४. आय.एस. १५९८८ नुसार मजबुतीकरण शक्य आहे काय? अंदाजे खर्च व कालावधी किती?"

चौथ्यातलं मानक आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतींसाठी आहे. तुमची शाळा नुसत्या वीटकामाच्या किंवा दगडी भिंतींवर उभी असेल (ठाण्याच्या जुन्या गावठाणात आहेत अशा) तर तिथे आय.एस. १३९३५ लिहा. पत्र आवक-जावक शिक्क्यासह द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

बैठक

चाळीस पालक घेऊन जाऊ नका. तिघं-चौघं पुरे, त्यात एक आजी-आजोबांपैकी किंवा माजी विद्यार्थी असेल तर उत्तम; संस्थेतल्या जुन्या मंडळींना त्यांच्यासमोर हात झटकणं जड जातं. एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. घरी आल्यावर त्याच रात्री "आज ठरलं ते असं" म्हणून ईमेल. उत्तर आलं नाही तरी तो कागद झाला.

आमचे कार्यवाह सत्तरीचे, स्वतः त्याच शाळेत शिकलेले. पहिल्या बैठकीत चिडले. "चाळीस वर्षं उभी आहे इमारत, अजून एक वीट हलली नाही." माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, गिळलं. सुपरवायझर बाबा म्हणाले, "सर, इमारत चांगलीच आहे. त्या काळच्या नियमानं बांधलीय. नियम बदललेत, एवढंच विचारतोय." ते खरंच होतं. आज भूकंपासाठी सळया कशा बांधायच्या याचं जे मानक वापरतात, आय.एस. १३९२०, ते पहिल्यांदा आलंच १९९३ साली. चूक कुणाची हा प्रश्न बाजूला पडल्यावर कार्यवाह स्वतःच म्हणाले की इंजिनिअरांना बोलवू.

संस्थेनं नेमलेल्या इंजिनिअरचा अहवाल दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावा, असा आग्रह मात्र सोडू नका. माटुंग्याचं व्हीजेटीआय, पवईचं आयआयटी अशा ठिकाणी असं प्रूफ चेकिंग होतं. फी लागते, पण एकूण खर्चात ती किरकोळ असते.

मजबुतीकरण की नवी इमारत?

हा निर्णय पालकांनी घ्यायचा नाही, पण पर्याय समजून घ्यायला हवेत. कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं जाकीट चढवता येतं, कार्बन फायबरचं कापड गुंडाळता येतं, निवडक जागी पायापासून गच्चीपर्यंत काँक्रीटच्या भिंती उभ्या करता येतात, लोखंडी तिरप्या कैच्या लावता येतात. शॉर्ट कॉलमवर काही ठिकाणी भिंत आणि कॉलम यांच्यात फट कापणंही पुरतं. (हे ऐकून कुणी गवंडी बोलावून भिंती फोडायला लागू नका.) आमच्या शाळेच्या दोन विंगांपैकी नंतर बांधलेल्या, नव्या विंगला हे जमलं. जुन्या विंगचं काँक्रीट मात्र इतकं भुसभुशीत निघालं की जाकीट धरायला आत काही उरलंच नव्हतं. ती पाडायची ठरली.

नवी बांधायची तर पहिला अहवाल मातीचा मागा. नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या खाडीकडच्या पट्ट्यात भरावाखाली मऊ चिकणमाती आहे, ठाण्यातही खाडीलगत तेच. येऊरच्या पायथ्याला किंवा पारसिकच्या बाजूला खडक लवकर लागतो. मऊ मातीवर हादरा वाढतो आणि पायाचा प्रकार बदलतो. शेजारच्या प्लॉटचा जुना अहवाल चालवून घेऊ देऊ नका.

पैसा

पालिकेच्या शाळेसाठी एकच सांगते. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा तुमची मागणी डिसेंबरच्या आत फायलीत हवी. जूनमध्ये केलेली मागणी वर्षभर वाट बघते.

खासगी संस्थेत गुंता जास्त. देणगी ऐच्छिकच असावी आणि प्रत्येक रुपयाला पावती हवी. प्रवेशाच्या बदल्यात पैसे घेणं कॅपिटेशन फी बंदीच्या १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, इमारत निधी असं नाव दिलं तरी. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीत, शिक्षण बसतं, पण कंपनीला आधी अंदाजपत्रक आणि संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. कर्ज काढायचं तर सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते.

आणि बिल्डर. तो येणारच. ठाण्यात मोक्याच्या जागी शाळा असली की "आम्ही फुकट बांधून देतो, वरचे मजले आमचे" असा प्रस्ताव येतो. न्यासाची स्थावर मालमत्ता अशी द्यायची तर सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. माझं मत विचाराल तर मैदान किती उरणार हा पहिला प्रश्न करा. आमच्याकडच्या प्रस्तावात मैदानाच्या जागी ‘मल्टिपर्पज पोडियम’ लिहिलं होतं.

तोवर मुलं कुठे बसणार

पालकांचा खरा जीव इथे अडकतो, आणि संस्था हेच सगळ्यात शेवटी ठरवते. पाडकाम सुरू व्हायच्या आधी लेखी हवं: जागा कोणती, किती दिवस, परतायची तारीख काय, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आली का. दहावीचं परीक्षा केंद्र तिथे असेल तर त्याचं काय.

आम्ही जवळच्या दुसऱ्या शाळेत दुपारच्या अधिवेशनात बसवलं. साडेबाराला सुरू, सहाला सुटायची. हिवाळ्यात मुली अंधारात घरी. रिक्षावाले काका म्हणाले, सकाळची दुसरी फेरी बांधलेली आहे, जमणार नाही. पहिला आठवडा नुसता गोंधळ झाला. तिथल्या स्वच्छतागृहांची संख्या आम्ही मोजलीच नव्हती. दुप्पट मुलं आल्यावर मधल्या सुट्टीत मुलींची रांग जिन्यापर्यंत जायची. तुम्ही आधी मोजा. मुलांना घोडबंदर रस्ता किंवा पामबीच ओलांडायला लागणार असेल तर ती जागा नकोच म्हणा.

हलवाहलव मे महिन्यात करा. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हाच पाऊसही येतो. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडून खाली टाकायचे नसतात, ओले करून अख्खे उतरवायचे असतात, आणि त्या दिवशी आवारात एकही मूल नको.

साइट

रोज डोकावू नका, ठेकेदार वैतागतो आणि तुम्हालाच इजा व्हायची. त्याऐवजी करारात दोन-तीन वेळा ठरवून घ्या, संस्थेचा इंजिनिअर बरोबर असताना, डोक्यावर हेल्मेट घालून. सगळ्यात मोलाची वेळ म्हणजे कॉलम किंवा स्लॅब भरण्याच्या आदला दिवस. काँक्रीट पडलं की आतलं काही दिसत नाही.

त्या दिवशी मी एकच गोष्ट बघते, रिंगा. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या चौकोनी रिंगा बांधतात त्यांची दोन्ही टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळलेली हवीत, १३५ अंशांत. टोकाची लांबी रिंगेच्या सळीच्या व्यासाच्या सहापट, किमान ६५ मिलिमीटर. काटकोनात वळवून सोडलेली रिंग धक्क्यात उघडते, आणि मग उभ्या सळया बाहेर फुगतात. बीमच्या जोडाजवळ, कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा दाट हव्यात, दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. आमच्या पहिल्या भेटीत एका कॉलमच्या निम्म्या रिंगा काटकोनातल्या होत्या. फिटर म्हणाला, "मॅडम, सगळीकडे असंच करतात." इंजिनिअरनं ड्रॉइंग पुढे धरलं. रिंगा सुटल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधल्या. स्लॅब एक दिवस लांबला. कार्यवाह त्या दिवशी तिथेच खुर्ची टाकून बसले होते.

याशिवाय क्यूबच्या चाचण्यांच्या अहवालाची प्रत मागा. प्रत्येक वेळी काँक्रीट भरताना त्याचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघतात. आणि पाणी मारताहेत का, तेही. उन्हाळ्यात टँकर परवडत नाही म्हणून पहिली काटकसर तिथेच होते.

आत जाण्याआधी

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय एकही वर्ग भरू देऊ नका, उद्घाटनाच्या पत्रिका छापल्या असल्या तरी. कपाटं, ग्रंथालयाच्या मांडण्या, प्रयोगशाळेतली बाटल्यांची फळी, सगळं भिंतीला क्लॅम्पनं धरून घ्या. वर्गाची वाट कपाटानं अडणार नाही असं बघा.

भूकंपाची कवायत वर्षातून दोनदा तरी. हलत असताना बाकाखाली वाका, डोकं झाका, बाकाचा पाय घट्ट धरा. जिन्याकडे पळायचं नाही. थांबल्यावर रांगेनं बाहेर, आणि जमायचं ते इमारतीपासून लांब. ही जमायची जागा आधी स्वतः उभं राहून बघा. २००१ च्या त्या २६ जानेवारीला भूजजवळच्या अंजारची मुलं वर्गात नव्हती, प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती त्यांच्यावर कोसळल्या. ठाण्यातल्या कितीतरी शाळांचं फाटक तशाच गल्लीत उघडतं. आमचंही. म्हणून नव्या आराखड्यात मागच्या बाजूनं मैदानात दुसरं फाटक काढून घेतलं आहे.

फाइल

समितीतली माणसं वर्ष-दोन वर्षांत बदलतात, इमारतीला त्याहून जास्त लागतं. त्यामुळे पहिल्या पत्रापासून एक फाइल करा, व्हॉट्सअॅपवर नव्हे, कागदाची, आणि ती शाळेच्या कार्यालयात ठेवा. एक प्रत तुमच्याकडे. पहिल्या पानावर नुसती यादी: कुठलं पत्र, कुठल्या तारखेला, उत्तर आलं की नाही.

माझ्यानंतर चिठ्ठीत निघालेलं नाव पाचवीतल्या एका मुलाच्या आईचं. परवा त्यांना फाइल दिली. पहिल्या पानावर शेवटची नोंद आहे: नव्या विंगच्या मजबुतीकरणानंतरचं प्रमाणपत्र मागितलं, स्मरणपत्र दोनदा, उत्तर बाकी. त्यांनी पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे सोमवारची तारीख घातली.